घे आणि दे

मनू चौदा महिन्यांची असताना एका दुपारी डुगडुगत स्वयंपाकघरात आली, रिकामा तळहात माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "घे."

मी कणीक तिंबत होते. तिला उंडा हवा होता. माजघरात लॅपटॉप उघडून बसलेल्या माझ्या लेकीनं तिथूनच सांगितलं, "मनू, घे नाही गं, दे म्हणायचं. आजी, दे." मनूनं आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, हात आणखी पुढे केला आणि पुन्हा म्हणाली, "घे."

मी लहानसा उंडा तिच्या हातावर ठेवला. ठेवताना माझ्या तोंडून सहज निघालं, "घे."

तिथंच मला लख्ख कळलं. या मुलीच्या हातात आजवर जे जे काही पडलं, बिस्कीट, चमचा, खुळखुळा, केळ्याचा तुकडा, ते देणारा प्रत्येक माणूस "घे" म्हणत आलाय. वस्तू हातात येते त्या क्षणाचा शब्द घे. मग वस्तू हातात यायला हवी असेल तर दुसरं काय म्हणायचं? तिचं काही चुकलेलं नव्हतं. ती आमच्या हातांकडे बघत होती, आमच्या तोंडचा शब्द त्या हातांच्या हालचालीला जोडत होती, आणि ती जोडणी अगदी चोख होती. फक्त त्या क्षणाला दोन बाजू असतात, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची, आणि शब्द बाजूप्रमाणे बदलतो, हे तिला अजून उलगडायचं होतं.

त्या दिवशी मी लेकीला म्हटलं, "अगं, तिला दुरुस्त करू नकोस. जरा बघत राहू या."

बघत राहणं हे गेल्या दीड वर्षातलं माझं मुख्य काम आहे. पंचवटीत आमचं जुनं घर. शाळेत एकतीस वर्षं संस्कृत शिकवून मी निवृत्त झाले, आणि लेक बाळंतपणाला आली ती घरूनच काम चालतं म्हणून इथंच राहिली. स्वतःची दोन मुलं वाढवताना मला इतकं निवांत बघायला मिळालं नव्हतं. मनूमुळे मी वाचायलाही लागले. बाळांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्यांनी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जे शोधलंय ते वाचताना किती वेळा पुस्तक खाली ठेवून पाळण्यात डोकावले असेन.

मनूच्या उष्टावणाच्या आधी आम्ही भांडी बाजारात गेलो होतो. ती साधारण साडेसहा महिन्यांची. ताटली-वाटी घेतली आणि नाव घालायला दिली. नाव घालणाऱ्याचं छोटं मशीन करकर वाजत होतं, स्टीलवर उजेड नाचत होता, भोवती हंडे-कळशांची झळाळी. मला वाटलं होतं ती त्या चकचकाटाकडे बघेल. ती बघत होती त्या माणसाच्या हाताकडे. हात वाटीकडे गेला, वाटी फिरवली, मशीन टेकवलं, फडकं घेतलं, पुसलं. भुवया आवळून, तोंडातली लाळ हनुवटीवर येईपर्यंत, मनू त्या हाताच्या मागे होती.

या वयाची बाळं हातात काय बघतात, यावर अमेरिकेतल्या अमांडा वुडवर्ड यांचा 1998 सालचा एक प्रयोग आहे. बाळासमोर दोन खेळणी ठेवायची. एक हात येतो आणि दोनपैकी एकच खेळणं धरतो. पुन्हा तेच, पुन्हा तेच, बाळ कंटाळेपर्यंत. मग खेळण्यांच्या जागा अदलाबदल करायच्या. आता हात कधी जुन्याच जागी जातो, पण तिथं खेळणं दुसरं असतं. कधी नव्या जागी जातो, पण खेळणं तेच असतं. हात म्हणजे बाळाला नुसती हलणारी वस्तू असती, तर नव्या जागेचं नवल वाटायला हवं होतं. सहा आणि नऊ महिन्यांची बाळं जास्त वेळ बघत राहिली ती खेळणं बदललं तेव्हा. म्हणजे "हात इकडे जातो" एवढंच त्यांनी टिपलं नव्हतं, "याला ते हवंय" हे टिपलं होतं. हाताऐवजी काठी पुढे आली, तेव्हा मात्र हा फरक दिसला नाही.

त्याहून मला जास्त हलवून गेला तो 2005 सालचा, मोज्यांचा प्रयोग. तीन महिन्यांच्या बाळाला वस्तू नीट धरता येत नाही. जेसिका सॉमरव्हिल, वुडवर्ड आणि एमी नीडम यांनी अशा बाळांच्या हातांत चिकटपट्टीचे मोजे घातले आणि खेळण्यांनाही तशीच पट्टी लावली. हात नुसता लागला तरी खेळणं चिकटून उचललं जायचं. काही मिनिटं बाळांनी असं "उचलून" पाहिलं आणि मग त्यांना दुसऱ्याचा हात दाखवला. ज्यांनी आधी स्वतः उचललं होतं, त्यांना दुसऱ्याच्या हाताचा हेतू कळला. ज्यांनी आधी नुसतं पाहिलं होतं, त्यांना कळल्याची खूण दिसली नाही. आधी स्वतःचा हात, मग दुसऱ्याचं मन.

हे वाचलं आणि मला माझा वर्ग आठवला.

शब्दाचा अर्थ माणसाला पहिल्यांदा कळतो कसा, हा मीमांसकांचा, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ कसा लावायचा याचा विचार करणाऱ्या पंडितांचा, फार जुना प्रश्न. त्यांचं उत्तर एका छोट्याशा प्रसंगात आहे. मी ते वर्षानुवर्षं वरच्या वर्गांतल्या मुलांना सांगत आले. एक मोठा माणूस, त्याला ते उत्तमवृद्ध म्हणतात, दुसऱ्याला सांगतो, "गाम् आनय." दुसरा, म्हणजे मध्यमवृद्ध, उठतो आणि गाय घेऊन येतो. बाजूला एक मूल बसलंय. त्याला यातला एकही शब्द येत नाही. ते नुसतं ऐकतं आणि बघतं. मग कधी "अश्वम् आनय" असं कानावर येतं आणि घोडा आणला जातो. कधी "गां बधान" म्हटलं जातं आणि गाय बांधली जाते. कुठला शब्द आला की काय बदललं आणि कुठला गेला की काय राहिलं, हे ताडत ताडत मूल एकेका शब्दापर्यंत पोचतं. या घालण्या-काढण्याला आवाप-उद्वाप म्हणतात आणि या सगळ्या शिकण्याला वृद्धव्यवहार.

मी हे फळ्यावर लिहून देत असे. परीक्षेला यायचं. पण त्या प्रसंगातलं मूल मी कधी पाहिलंच नव्हतं. माझ्या लेखी ते उदाहरणातलं एक बुजगावणं होतं. त्या मुलाला आधी काय यायला हवं, याचा विचार मी मनूला बघेपर्यंत केला नाही. गाय आणणारा माणूस गायीकडे *निघालाय*, तो उगाच उठून चालत नाहीये, हे मुलाला दिसायला हवं. उठणं, चालणं, दावं सोडणं, ओढत आणणं हे सगळं मिळून एक काम आहे आणि ते इथं संपलं, हे कळायला हवं. त्या माणसाच्या हालचालीची मोट बांधता आली नाही, तर "आनय" हा शब्द टांगायचा कशाला?

प्रभाकराचे अनुयायी इथं आणखी एक पाऊल टाकतात. मूल हे स्वतःवरून ताडतं, असं ते म्हणतात. मी जेव्हा काही करतो, तेव्हा ते करायचंय हे आधी मला कळलेलं असतं; हाही काही करतोय, म्हणजे यालाही काहीतरी कळलं असणार, आणि ते त्या ऐकलेल्या शब्दांमुळेच. प्रभाकर सातव्या शतकाच्या आसपासचे. चिकटपट्टीचे मोजे 2005 सालचे. वाचताना माझ्या अंगावर काटा आला. "आपल्याकडे सगळं आधीच होतं" म्हणणाऱ्यांतली मी नाही. मीमांसकांनी बाळं मोजली नाहीत, त्यांचं भांडण वाक्यार्थाचं होतं. पण घरात बसलेल्या मुलाकडे त्यांच्यापैकी कुणीतरी केव्हातरी निरखून पाहिलं असणार, यात मला शंका नाही.

मोट बांधण्याबद्दलही एक प्रयोग आहे. डेअर बाल्डविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 साली दहा-अकरा महिन्यांच्या बाळांना स्वयंपाकघरातल्या कामांचं चित्रण दाखवलं. बाई खाली पडलेला टॉवेल बघते, वाकते, उचलते, अडकवते, असं रोजचंच. बाळांना ते ओळखीचं झाल्यावर त्यात थांबे घातले, काही काम पुरं होतं तिथं, काही ऐन मध्ये. मध्येच थांबलेल्या चित्राकडे बाळं जास्त वेळ बघत राहिली. आपल्याला सलग वाहताना दिसणाऱ्या हालचालीत कुठं एक काम संपून दुसरं सुरू होतं, हे त्यांना दिसत होतं. कानाचंही असंच असतं. आठ महिन्यांची बाळं मधे विराम नसलेल्या अक्षरांच्या धारेतून अवघ्या दोन मिनिटांत शब्दांच्या कडा ओळखतात, हे 1996 सालीच जेनी सॅफ्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं होतं. एकीकडे डोळे कामाचे तुकडे पाडतात, दुसरीकडे कान बोलण्याचे, आणि मग एका तुकड्यावर दुसरा बसतो. मनूचा "घे" असाच बसला.

गेल्या पावसाळ्यात ती अकरा महिन्यांची होती. गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि गंगेला पूर आला. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, आणि पूर किती आला ते नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतो: गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, छातीपर्यंत चढलं. होळकर पुलावर ही गर्दी. जो तो बोट दाखवतोय. मनू माझ्या कडेवर. चार महिन्यांपूर्वी मी बोट केलं की ती माझ्या बोटाचं टोकच बघायची, धरायला जायची. त्या दिवशी तिनं शेजारच्या माणसाचं बोट पाहिलं आणि बोटाच्या रेषेवरून नजर सोडली ती थेट पाण्यावर. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी म्हटलं, "पाणी! केवढं पाणी!" तिनं पुन्हा पाण्याकडे पाहिलं. त्यानंतर आठवडाभर तिचं स्वतःचं बोट वर होतं: कबुतर, पंखा, चंद्र, माझी टिकली. त्यातलं तिला काहीच हवं नव्हतं. फक्त आपण दोघींनी मिळून ते बघायचं होतं.

रेषा पकडता येणं ही फार मोठी गोष्ट आहे. रिचेल ब्रुक्स आणि अँड्र्यू मेल्टझॉफ यांनी दहा-अकरा महिन्यांची बाळं दुसऱ्याच्या नजरेमागे किती जातात ते पाहिलं, आणि नंतरची वाढ तपासली. ज्यांची नजर दुसऱ्याच्या नजरेमागे जात होती, त्यांची भाषा पुढच्या महिन्यांत जास्त फुललेली दिसली. साधंच आहे म्हणा. मी "पाणी" म्हणते तेव्हा मी बघत कुठं होते, हे तिला कळलं नसतं तर तो शब्द तिनं माझ्या साडीला चिकटवला असता.

इथं मला माझ्या मुलाबद्दल लिहायलाच हवं. तो दोन वर्षांचा झाला तरी "आई" सोडून एक शब्द बोलत नव्हता. मी नोकरी करते म्हणून मूल मुकं राहिलं, असं मला तोंडावर ऐकवलं गेलं. एका डॉक्टरांनी कान न तपासताच "मुलगे उशिराच बोलतात" म्हणून परत पाठवलं. मी घाबरून चित्रांचा तक्ता आणला आणि रोज संध्याकाळी त्याला समोर बसवून विचारायला लागले, हे काय? सफरचंद. म्हण, सफरचंद. तो तोंड फिरवायचा. मी रडायचे. आणि त्याच संध्याकाळी त्याचे बाबा पायात बूट घालायला लागले, की हा धावत जाऊन स्टुलावरून स्कूटरची किल्ली आणून त्यांच्या हातात द्यायचा. कुकरची शिट्टी झाली की गॅसकडे बोट करून मला हाक दिल्यासारखं ओरडायचा. मी त्याच्या ओठांकडे इतकी टक लावून बसले होते, की त्याच्या हातांनी तो काय काय बोलतोय हे मला दिसलंच नाही. अडीच वर्षांचा होता होता तो बोलायला लागला, आणि लागला तो वाक्यंच बोलायला. त्या सहा महिन्यांत मी त्याच्याशी नीट हसलेसुद्धा नाही, ही माझी खंत आहे.

म्हणून आता शेजारपाजारच्या कुठल्याही आईनं "अजून बोलत नाही हो" म्हटलं, की मी आधी विचारते: बोट दाखवतं का? आपण बोट केलं तर तिकडे बघतं का? "चप्पल आण" म्हटलं की आणतं का? हे सगळं करत असेल तर धीर धरायला जागा आहे. आणि दीड वर्षाचं होऊनही बोट दाखवत नसेल, हाकेला वळत नसेल, तर कुणाच्याही "बोलेल हो"वर विसंबू नका. कान तपासून घ्या, बालरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि लगेच दाखवा.

आता क्रियापदांबद्दल, कारण माझा जीव तिथं अडकलाय. मुलं आधी नामं शिकतात आणि क्रियापदं मागून, असं बराच काळ मानलं जात होतं. तसं मानण्याला इंग्रजी बोलणाऱ्या मुलांचा आधार होता. 1995-96 च्या सुमाराला कोरियन आणि मँडरिन चिनी बोलणाऱ्या घरांतल्या मुलांचा अभ्यास झाला, तेव्हा तिथं क्रियापदं लवकर आणि भरपूर आलेली दिसली. मला याचं मुळीच आश्चर्य वाटलं नाही. आपल्याही घरात एक तास कान देऊन बसा. ये. बस. धर. सोड. उठ. ठेव. आण. पड जरा. झालं? संपलं. सांडलं! कर्ता गाळलेला, कर्म समोर पडलेलं, आणि वाक्यात उरलंय ते एकटं क्रियापद. जे असतं तेही वाक्याच्या शेवटी, कानात राहील असं. मनूचे पहिले शब्द मी कॅलेंडरवर लिहून ठेवलेत: आई, घे, पल्लं, भुर्र, झालं. "पल्लं" म्हणजे पडलं. चालायला शिकणारी बाळं तासाला सरासरी सतरा वेळा पडतात, असं कॅरेन अडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी 2012 साली मोजून सांगितलंय. त्याच तासात ती दोन हजारांवर पावलंही टाकतात. इतका सराव असलेला शब्द लवकर येणारच.

पण पडलं आणि टाकलं यांत फरक आहे, आणि तो फरक डोळ्यांना दिसत नाही. वाटी दोन्ही वेळा जमिनीवरच असते. माणसाच्या मनात काय होतं ते कळलं, तरच शब्द वेगळे होतात. मायकेल टोमॅसेलो आणि मिशेल बार्टन यांनी 1994 साली दोन वर्षांच्या मुलांसमोर एक बनावट क्रियापद वापरून सांगितलं, आता मी हे करणार. मग एक कृती चुकून झाल्यासारखी केली, "अरेच्चा!" म्हणत, आणि दुसरी मनासारखी झाल्याच्या समाधानात. मुलांनी नवा शब्द मनासारख्या झालेल्या कृतीला दिला, मग ती कृती आधी होवो की नंतर. मनू अजून तिथं पोचली नाही. मुद्दाम भिरकावलेल्या चमच्यालाही ती निरागसपणे "पल्लं" म्हणते.

डिसेंबरात आम्ही जावयांच्या गावी, दिंडोरी तालुक्यात गेलो. द्राक्षबागेत मण्यांची विरळणी चालली होती. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या बाया मंडपाखाली मान वर करून, बारीक कात्रीनं घडातले जास्तीचे मणी काढत होत्या. दिवसभर हात डोक्याच्या वर. हे किती कष्टाचं आहे ते दहा मिनिटं हात वर धरून बघावं. एका झोळीत तान्हं बाळ होतं आणि त्याचा दीड-दोन वर्षांचा भाऊ आईच्या पायाशी. बाया आपसांत त्यांच्या बोलीत बोलत होत्या, आणि मला अर्धंच कळत होतं. एकीनं काहीतरी म्हटलं, दुसरीनं घड वळवून धरला. पुन्हा तोच शब्द आला, पुन्हा घड वळला. तिसऱ्या खेपेला मला तो शब्द कळला होता. एकतीस वर्षं फळ्यावर लिहिलेलं ते मूल त्या मंडपाखाली मीच होते.

आणि तो मुलगा. त्याला कुणी काही सांगत नव्हतं. सांगायला कुणाला सवड नव्हती. आईनं कापलेले मणी खाली पडत, ते वेचून तो पाटीत टाकत होता. पाटी भरत आली की आईच्या साडीचा काठ ओढायचा. आईचं काम काय आहे, त्यातलं आपल्याला काय जमेल आणि ते पुरं कधी होतं, हे सगळं त्याला ठाऊक होतं. त्याच्याजवळ चित्रांचं पुस्तक नव्हतं. ते असायला हवं, आणि कात्रीचा हात थांबवून त्याच्याशी बोलायला त्याच्या आईला वेळही मिळायला हवा. ते नाही, याचं मला दुःख वाटतं. पण बालवाडीत आल्यावर या मुलाला "काहीच येत नाही" असं कुणी लिहिलं, तर ते धादांत खोटं असेल. मनू त्याच्याशेजारी जाऊन बसली, थोडा वेळ बघत राहिली आणि मग एकेक मणी उचलून पाटीत टाकायला लागली. दोघंही एक शब्द न बोलता.

परवा संक्रांत झाली. मनू आता सतरा महिन्यांची. संध्याकाळी घरात हळदीकुंकू, पंचवटीतल्या पंधरा-वीस जणी आलेल्या. जी यायची ती मनूपुढे वाकायची, हातावर हलव्याचा दाणा ठेवायची आणि म्हणायची, "घे गं, गोड बोल." मनू दाणा तोंडात टाकायची आणि देणारीच्या हाताकडे बघायची. पुढची यायची. पुन्हा हात, पुन्हा दाणा, पुन्हा घे. मीही दारात उभी राहून प्रत्येकीच्या हातावर तिळगूळ ठेवत होते, "घ्या, घ्या" म्हणत. मनू माझ्या पायाशी उभी राहून ते बघत होती. बराच वेळ.

मग तिनं माझ्या हातातल्या डब्यात हात घातला, एक वडी काढली, माजघरात आईजवळ गेली, तिच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाली, "घे."

लेक माझ्याकडे बघायला लागली. मी काही बोलले नाही. मनू परत आली, माझ्यासमोर उभी राहिली, रिकामा हात पुढे केला आणि जरा थांबून म्हणाली, "दे."